पुन्हा पहिल्यापासून

देवव्रतला भुताची भीती नव्हती. रामकुंडावर लहानाचा मोठा झालेल्या मुलाला भुताचं काय कौतुक! पाण्याची नव्हती, अंधाराची नव्हती. पुरात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं की अर्धं नाशिक काठावर येऊन हळहळायचं, आणि हा मात्र शेंगदाणे खात उभा असायचा. त्याला भीती होती ती अर्ध्या लिहिलेल्या उत्तराची. वीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्स शिकणारा हा मुलगा गणिताच्या मध्यावर एखादी चूक सापडली की घामाघूम व्हायचा. ज्याला याचं हसू येत असेल त्यानं आधी त्याचं लहानपण ऐकावं आणि मग खुशाल हसावं.

त्याचे वडील यज्ञेश्वरगुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंची कार्यं करत. घरात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची, म्हणून देवव्रतची मुंज झाल्याबरोबर संथा सुरू झाली. पंचवटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, देवघरासमोर, रोज सकाळी. बाबांनी एक ओळ म्हणायची, त्यानं ती दोनदा म्हणायची. चुकला तर बाबा रागवत नसत. त्यांनी मुलावर कधी हात उगारला नाही. ते डोळे मिटलेलेच ठेवत आणि शांतपणे एवढंच म्हणत, "पहिल्यापासून." चूक दुसऱ्या ओळीत असो नाहीतर शेवटच्या, पहिल्यापासून. भूक लागलेली असो, शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असो, पहिल्यापासून. एकदा शेजारच्या मंगल कार्यालयात यांना जेवायचं आमंत्रण होतं, तर पंगती उठून मंडप सोडायला माणसं आली तरी बापलेक देवघरासमोरच. आई, अनसूयाबाई, दारात येऊन दोनदा खाकरून गेल्या, उपयोग शून्य.

मारानं भीती बसते ती मार विसरला की जाते. या शांत शब्दानं बसलेली भीती काही गेली नाही. ती देवव्रतच्या हाडात मुरली, आणि मौज अशी की तिचा फायदाही झाला. पाठांतर असं पक्कं झालं की शाळेत त्यानं सगळ्यांना मागं टाकलं. बारावीला फिजिक्सची सोडवलेली गणितं त्यानं संथा घेतल्यासारखीच पाठ केली, आकड्यांसकट, आणि पेपरात ती तशीच्या तशी आली. गुण बघून लोक म्हणाले, मुलगा हुशार आहे. देवव्रतलाही तसंच वाटलं, आणि तिथंच त्याचं चुकलं.

तरी एक गोष्ट खरी होती. त्याला फिजिक्स मनापासून आवडायचं. पहिल्या वर्षाला सरांनी विचारलं होतं की हवेतले रेणू बंदुकीच्या गोळीसारखे धावतात, मग उदबत्तीचा वास खोलीभर पसरायला एवढा वेळ का लागतो? तेव्हा कधी तोंड न उघडणारा देवव्रत म्हणाला, "सर, धावतात, पण एकमेकांवर आपटत धावतात. घाटावरच्या पर्वणीच्या गर्दीत माणूस कितीही घाईत असला तरी पुढं सरकत नाही, तसं." हे कुठं पाठ केलेलं नव्हतं. त्याला ते देवघरातल्या धुराकडं बघताना आपोआप सुचलं होतं. सरांनी त्याचं नाव विचारून घेतलं, आणि त्या दिवसापासून एम.एस्सी. करायचं त्याच्या डोक्यात बसलं.

शेवटच्या वर्षाला क्वांटम मेकॅनिक्स आलं आणि सोंग उघडं पडलं. तिथं एक गणित असतं. एका अगदी बारीक पेटीत एक कण कोंडलेला आहे, त्याला भिंतीबाहेर जाता येत नाही, तर तो पेटीत कुठं सापडेल ते काढा. देवव्रतनं ते पाठ केलं. झोपेतून उठवलं असतं तरी त्यानं पहिल्या ओळीपासून घडाघडा म्हटलं असतं. पेपर काढणाऱ्या माणसानं एवढंच केलं, की पेटीची डावी भिंत शून्यावर न ठेवता पेटी सरकवली आणि शून्य तिच्या मध्यावर आणून ठेवलं. पेटी तीच, कण तोच. देवव्रत मात्र परक्या गावात उतरल्यासारखा झाला. लिहायला लागला, मध्येच चूक दिसली, आणि हातानं जे लहानपणापासून केलं होतं तेच केलं. त्यानं पट्टी घेऊन सगळं उत्तर व्यवस्थित खोडलं आणि पान उलटून पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा चुकलं, पुन्हा खोडलं. पर्यवेक्षक बाईंनी पुरवणी दिली, आणखी एक दिली. "छान लिहितोयस," असंही म्हणाल्या बिचाऱ्या. घंटा झाली तेव्हा त्याच्याकडं पहिल्याच प्रश्नाची पानंच्या पानं होती आणि दुसऱ्या प्रश्नाचं एक अक्षर नव्हतं. थर्मलच्या पेपरातही तेच झालं, जिथं वायूच्या रेणूंची ती त्याची लाडकी गणितं असतात. दोन्ही विषय राहिले.

घरी त्यानं सांगितलं, पेपर अवघड होते. बाबा संध्येला बसले होते. संध्या आटोपून म्हणाले, "आता सिंहस्थ तोंडावर आलाय. घाटावर माणसं लागणार. पुन्हा एकदा बस परीक्षेला. या खेपेला नाही झालं तर कॉलेज पुरे, माझ्याबरोबर उभा राहा." यात धमकी नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की पोरानं अभ्यास केला नाही. पोरगं पाठ करून करून आजारी पडायच्या बेतात आहे, हे त्यांना कोण सांगणार? देवव्रत तर सांगणार नव्हताच. बाबांच्यासमोर "मी मध्येच चुकलो" हे शब्द उच्चारण्यापेक्षा त्यानं गोदावरीत उडी घेणं पत्करलं असतं.

आणि खरं सांगायचं तर घाटावर बसणं त्याला हलकं वाटत नव्हतं. उलट त्याचीच जास्त भीती. कागदावर चुकलं तर निदान कागदच फाडायचा असतो. घाटावर समोर कुणाचा तरी बाप गेलेला असतो, कुणाची तरी आई. तिथं चुकलं तर?

थंडीचे दिवस आले, परीक्षा जवळ आली. विषय राहिलेल्या, बॅकच्या मुलांचे पेपर उरकून टाकायचे म्हणून दोन्ही पेपर एकाच दिवशी, सकाळी क्वांटम आणि दुपारी थर्मल. अभ्यासाला तो लायब्ररीत प्रतिभाजवळ बसे. प्रतिभा त्याच्या वर्गातली, मखमलाबादची, घरची झेंडू-शेवंतीची शेती. पहाटे फुलं मार्केटला रवाना करून ती कॉलेजला यायची. तिची कच्ची वही म्हणजे कोंबड्यांनी उकरलेला उकिरडा. इथं खोडलेलं, तिथं गिरवलेलं, बाण काढून तिसऱ्याच कोपऱ्यात नेलेलं, आणि त्या गदारोळातून शेवटी उत्तर बरोबर निघायचं. देवव्रतला ती वही बघूनच मळमळायचं.

"अरे, खोडायचं ना चुकलेलं तेवढं!" ती वैतागायची. "सगळं का खोडतो? आमच्याकडं एखादा वाफा वाकडा गेला तर कोणी सगळं वावर पुन्हा नांगरत नाय."

"मला जमत नाही."

"तू लय घाबरतो बाबा. कोण मारणार हाय का तुला?"

तेच तर होतं ना, कोणी मारणार नव्हतं. देवव्रत मान हलवायचा, नवीन पान घ्यायचा, आणि निम्म्यात गेलं की त्याला मानेमागं ते शांत दोन डोळे जाणवायचे, मिटलेले. पेन थांबायचं, तळहात गार पडायचे. शेवटच्या आठवड्यात तर त्याचं जेवणच सुटलं. अनसूयाबाई गरम भातावर तुपाची धार धरून बसायच्या आणि तो म्हणायचा, "आई, नको, वास सहन होत नाही." पेटीतला तो कण त्याच्या स्वप्नात येऊ लागला. फरक इतकाच, की स्वप्नात पेटीत हा असायचा, आणि भिंती दर वेळी सरकलेल्या असायच्या.

अशात एका सकाळी गुरुजींचा नेहमीचा मदतनीस गावाला गेला आणि ते म्हणाले, "दोन तास चल माझ्याबरोबर." अभ्यासाचं निमित्त सांगायचा धीर देवव्रतला झाला नाही. तो निघाला.

सटाण्याकडची माणसं होती. रंगूबाई नावाची त्यांची म्हातारी गेली होती, तिच्या अस्थी घेऊन मुलगा, सून आणि दोन नातू आले होते. नदीत स्नान करून सगळे ओलेत्यानं पायरीवर उभे राहिले. वारा असा बोचरा, की सुनेचे दात वाजत होते. मुलगा पन्नाशीचा गडी, पण चेहरा हरवलेल्या पोरासारखा. सारखा विचारत होता, "आते काय करनं शे, महाराज?" गुरुजी सांगतील तसा तो हात जोडत होता, पाणी सोडत होता. देवव्रत शेजारी बसून तीळ आणि दर्भ पुढं करत होता. मंत्र त्याच्या कानात आपोआप चालले होते, ओळीमागून ओळ.

आणि एक ओळ आलीच नाही.

पिंडावर पाणी सोडतानाची ती ओळ. अख्खी. बाबा तिच्यावरून पुढच्या ओळीवर गेले. देवव्रतच्या हातातला तिळाचा द्रोण कलंडला. त्यानं वर पाहिलं. बाबांनीही त्याच्याकडं पाहिलं, क्षणभरच, आणि त्याला कळलं की त्यांनाही कळलंय. आता थांबणार. आता पहिल्यापासून. या गारठलेल्या माणसांना पुन्हा उभं करणार, पिंड पुन्हा मांडणार. आणि न मांडले तर? त्या म्हातारीचं काय? बाबा चुकतात? मुंजीपासून आजवर त्यानं बाबांना चुकताना ऐकलं नव्हतं. त्या एका क्षणात त्याला त्यांच्या मानेवरच्या सुरकुत्या दिसल्या, थरथरणारी करंगळी दिसली, आणि परीक्षेपेक्षा मोठी अशी एक भीती त्याला शिवून गेली.

बाबा थांबले नाहीत. पुढं गेले. अस्थी पाण्यात सोडल्या. शेवटी, प्रत्येक कार्याच्या शेवटी म्हणतात ती क्षमेची प्रार्थना त्यांनी म्हटली: अक्षर राहिलं असेल, मात्रा चुकली असेल, कमी-जास्त झालं असेल ते सांभाळून घे. देवव्रतनं ती लहानपणापासून हजारदा ऐकली होती, स्वतः म्हटली होती, आणि तिचा काही अर्थ असतो हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बाबांनी त्या दिवशी ती फार हळू म्हटली. जोडलेले हात बराच वेळ सोडले नाहीत. सटाण्याचा गडी पाया पडला, सुनेनं कोरडी शाल पांघरली, माणसं गेली. घरी येताना देवव्रतची विचारायची छाती झाली नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी अनसूयाबाईंनी हातावर दही ठेवलं, ते त्यानं कसंबसं गिळलं. हॉलमध्ये बसला तेव्हा पाय असे हलत होते, की पुढच्या मुलीनं मागं वळून पाहिलं. प्रश्नपत्रिका आली. पहिलाच प्रश्न पेटीचा. आणि शून्य पुन्हा मध्यावर! पेपर काढणाऱ्याचा याच्यावर काही डूख होता की काय कोण जाणे. प्रश्न असा: कण सगळ्यात कमी ऊर्जेत आहे, तर पेटीच्या मधल्या निम्म्या भागात तो सापडण्याची शक्यता किती?

त्यानं लिहायला घेतलं. ओळीमागून ओळ उतरत गेली, पाठ होती तशी. खाली उत्तर आलं, शंभरात अठरा. त्यानं ते पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. सगळ्यात कमी ऊर्जेतला कण तर मध्येच जास्त रेंगाळतो. मध्ये फक्त अठरा कसा? वर नजर गेली आणि चूक दिसली. शून्य डाव्या भिंतीवर असतानाचा साईन त्यानं सवयीनं इथंही लिहिला होता. भिंतीपाशी तरंग शून्य व्हायला हवा. याचा भिंतीवरच डोंगर उभा होता.

हात पट्टीकडं गेला. गेलाच. पान उलटायला अंगठा कोपऱ्यावर पोचला. कानात घातल्यासारखं स्वच्छ ऐकू आलं, पहिल्यापासून. घाम कपाळावरून चष्म्यावर टपकला. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि मोठ्या माणसाला परीक्षेत रडू येणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, म्हणून त्यानं ओठ चावला. पट्टी हातात, आणि डोळ्यांसमोर एकदम ती दात वाजणारी सून आली. बाबांची ती क्षणभराची नजर आली. बाबा मागं गेले नव्हते.

त्यानं पट्टी खाली ठेवली. तेवढाच साईन खोडला, वर कोसाईन लिहिला. खालच्या ओळींत तेवढीच जागा दुरुस्त केली. शेवटी एका वजाच्या जागी अधिक आला, आणि अठराचे ब्याऐंशी झाले. बाकी सगळं होतं तसंच राहिलं. इतकंच होतं? मागच्या खेपेला ज्याच्यासाठी पुरवण्यांमागून पुरवण्या खर्ची पडल्या ते इतकंच? पान घाण दिसत होतं, अगदी प्रतिभाच्या वहीसारखं. त्यानं त्या पानाकडं पाहायचं टाळलं आणि दुसरा प्रश्न घेतला. भीती गेली नव्हती बरं का; ती शेजारच्या बाकावर सरकून बसली होती, एवढंच.

दुपारी ती परत आली. थर्मलच्या पेपरात हवेचा एक रेणू दुसऱ्यावर आपटेपर्यंत सरासरी किती लांब जातो ते काढायचं होतं. त्याचं उत्तर आलं सहा सेंटिमीटर. सहा सेंटिमीटर! एवढा मोकळा पळाला असता तर देवघरात उदबत्ती पेटवल्याबरोबर वास स्वयंपाकघरात हजर झाला असता. घातांक कुठंतरी सांडला होता. त्यानं शोधला, सापडेना. घड्याळ पुढं चाललं होतं आणि एक अख्खा प्रश्न कोरा होता. साईनची चूक निदान दुरुस्त करता आली होती. ही तर डोळ्यांदेखत तशीच सोडायची, आपल्या हातानं, आपल्या नावाच्या पेपरात. आयुष्यात त्यानं हे कधी केलं नव्हतं. मग त्यानं उत्तराखाली इंग्रजीत लिहिलं की हे उत्तर फार मोठं आलं आहे, घातांकात चूक असावी, रीत बरोबर आहे. लिहिताना त्याचे ओठ हलत होते. पर्यवेक्षकांना वाटलं, मुलगा पुटपुटून कुणाला उत्तर सांगतोय. ते येऊन बाजूला उभे राहिले. तो पुढच्या प्रश्नाला लागला, आणि तो संपता संपता घंटा झाली.

निकाल पुढं महिन्यानं लागला. क्वांटममध्ये तो बऱ्यापैकी आणि थर्मलमध्ये अगदी काठावर पास झाला. पण त्या संध्याकाळी त्याला ते कुठं माहीत होतं? तो थेट घाटावर गेला. बाबा बसायच्या जागेवरची मोठी छत्री मिटून आवरत होते. देवव्रत समोर जाऊन उभा राहिला, मुंजीतल्या बटूसारखा.

"झाले दोन्ही? पूर्ण लिहिलेस?"

"लिहिले. बाबा, एक चूक दिसली होती. तशीच ठेवून पुढं गेलो. मागच्या वेळी प्रत्येक चुकीला पहिल्यापासून लिहीत बसलो होतो, म्हणून नापास झालो. अभ्यास केला होता मी."

बाबांनी तांब्या पुसायला घेतला. पुसलेलाच पुन्हा पुसला. देवव्रत त्या शब्दाची वाट बघत उभा होता.

"त्या सटाण्याच्या लोकांपुढं माझी ओळ राहिली," बाबा म्हणाले. "तू ऐकलीस."

"हो."

"घरी शिकताना मागं जायचं असतं रे. इथं कसं जाणार? ती माणसं ओली उभी होती. हे तुला मी कधी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं."

बाबांनी तांब्या पिशवीत ठेवला, पिशवी त्याच्या हातात दिली आणि नदीकडं बघत म्हणाले, "त्या दिवसापासून मला झोप नाही नीट. तुझी भीती वाटत होती."

"माझी?"

"संथा तुझी पक्की. वाटायचं, आज ना उद्या हा मला म्हणणार, बाबा, पहिल्यापासून."

देवव्रतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली, मोकळ्या हातानं बाबांचा दंड धरला आणि दोघं पायऱ्या चढू लागले. वर रस्त्यावर येईपर्यंत त्यानं तो सोडला नाही. घरी आई जेवायची थांबली होती, आणि त्याला भूक लागली होती.